‘काहीच खात नाही’ म्हणणाऱ्या घरातलं पाऊण लिटर दूध

“ताई, हा काहीच खात नाही हो. दुधात घालायच्या पावडरवरच चाललंय सगळं. आणखी चांगली पावडर कोणती?” आहाराच्या सल्ल्यासाठी चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या आईचा प्रश्न. वजन १५.२ किलो, म्हणजे वयाला साजेसं. गेल्या वर्षभरात २ किलो वाढलेलं. हिमोग्लोबिन मात्र १०.६, या वयात ते ११ च्या खाली असू नये.

आईला तीन दिवस सगळं लिहून ठेवायला सांगितलं, पाण्याखेरीज पोटात गेलेला प्रत्येक घोट. तेव्हा दिसलं ते असं: सकाळी, संध्याकाळी आणि झोपताना २५० मिलि गाईचं दूध, प्रत्येक कपात चमचाभर साखर. त्यातल्या दोन कपांत २०-२० ग्रॅम पावडर. शिवाय ‘खाल्लं नाही ना, मग निदान हे तरी’ म्हणून चार क्रीम बिस्किटं.

दुधाच्या साधारण ५०० कॅलरी, पावडरीच्या १५०, साखरेच्या ६०, बिस्किटांच्या १९०. झाल्या ९००. या वयाची दिवसाची गरज सुमारे १३६०. मग वरणभाताला भूक उरणार कुठून? प्रथिनांची गरज १६ ग्रॅम, ती एकट्या दुधातूनच भागून वर जात होती. कमी पडत होतं ते लोह. दुधात ते जवळपास नसतं, आणि दुधातलं कॅल्शियम सोबतच्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही.

आईने पावडरीचा डबा आणला होता. पुढची बाजू नको, मागची वाचूया म्हटलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर दुसऱ्या क्रमांकावर होती आणि पुढे लिक्विड ग्लुकोज वेगळं. १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम वरून घातलेली साखर, म्हणजे ४० ग्रॅममागे १३. कपातली १५, बिस्किटांतली सुमारे १४. एकूण ४२ ग्रॅम. या मुलासाठी वरची मर्यादा ३४ ग्रॅम, आणि त्याच्या निम्मी असली तर उत्तम. ‘लोहयुक्त’ हे मोठ्या अक्षरांतलं लेबल खोटं नव्हतं, पण पावडर दुधातच ढवळली जात होती.

झोपतानाचं दूध आधी बंद केलं. उरलेले दोन कप २०० मिलिचे, जेवणानंतर अडीच-तीन तासांनी. पावडर दर तीन दिवसांनी एकेक चमचा कमी. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. ताटात थोडंच: पाव भाकरी, दोन चमचे वरण, मटकीची उसळ, वर लिंबू. पेरूची फोड जेवतानाच, कारण क जीवनसत्त्वाने डाळी-भाकरीतलं लोह जास्त शोषलं जातं. वीस मिनिटांनी ताट उचलायचं, भरवत मागे फिरायचं नाही.

चौथ्या दिवशी गाडी अडली. दुपारी पोरगं रडलं, आजीने कळवळून कपभर दूध दिलं, रात्री पुन्हा ताट तसंच. आजीची माया समजण्यासारखी आहे, म्हणून पुढच्या भेटीत त्यांनाही बोलावलं आणि चार वाजताचं काम त्यांच्याकडे दिलं: दुधाऐवजी शेंगदाण्याचा छोटा लाडू किंवा थालीपिठाचा तुकडा. तिसऱ्या आठवड्यात अर्धी भाकरी जाऊ लागली. दुधाच्या भाराने कडक होणारी शीही सुधारली.

वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल, वारंवार उलट्या होत असतील, तर आहार बदलत बसू नये, थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावं. या मुलाला डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलंय. ते दुधासोबत द्यायचं नाही, आणि शी काळपट झाली म्हणून घाबरून बंदही करायचं नाही.