‘घरात तेलुगू बोलणं बंद करू का?’

मुलाला डाउन सिंड्रोम आहे, वय सहा. घरी तेलुगू, शाळेत मराठी. ‘पोरगं गोंधळतं, घरीही मराठीच बोला,’ असं नातेवाईक म्हणतात. – एक आई, पूर्व भाग, सोलापूर

तेलुगू अजिबात सोडू नका. अशा मुलांना बोलायला उशीर होतो तो दोन भाषांमुळे नाही. आजीला मराठी नीट येत नसेल, तर ती नातवाशी बोलणंच कमी करेल आणि खरं नुकसान तिथे होईल. शाळेतल्या बाईंना मात्र घरचे नेहमीचे शब्द देवनागरीत लिहून द्या: नीळ्ळु म्हणजे पाणी, अन्नम म्हणजे भात. वर्गात तो नुसतं ‘नी’ म्हणाला तरी बाईंनी पाण्याची बाटली पुढे करावी. आपलं बोलणं समोरच्याला कळतंय हे समजलं, की मूल पुन्हा बोलायला धजतं.

मुलगी तीन वर्षांची, अजून एकही शब्द नाही. ‘तिचे वडीलही उशिराच बोलले’ म्हणतात. थांबू का?

थांबू नका. आधी कान तपासा. बेरा ही ऐकण्याची तपासणी मूल झोपेत असताना होते, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. दरवाजा वाजला की वळून बघते, एवढ्यावर विसंबू नका. मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात.

नातवाला ऑटिझम आहे, वय सात, बोलत नाही. शाळा चित्रांची कार्डं सुरू करा म्हणते. मग तो बोलायचा कंटाळा करणार नाही का? – आजोबा, जुळे सोलापूर

आजोबा, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. कार्डांमुळे बोलणं थांबत नाही, काही मुलांचं तर थोडं वाढतं. चित्र देऊन वस्तू मागायची ‘पेक्स’ ही पद्धत अमेरिकेत १९८५ साली तयार झाली, ती अशाच मुलांसाठी.

एकाच कार्डाने सुरुवात करा. त्याला शेंगापोळी आवडत असेल तर तिचाच फोटो छापून घ्या. तुम्ही समोर बसा, आईला त्याच्या मागे बसवा. पोळी दिसेल पण हाताला लागणार नाही अशी धरा. त्याचा हात पुढे आला, की आईने काही न बोलता तो कार्डाकडे वळवायचा आणि कार्ड तुमच्या तळहातावर ठेवायला मदत करायची. कार्ड मिळताच ‘शेंगापोळी!’ म्हणा आणि त्याच क्षणी तुकडा द्या. लहानच द्या, म्हणजे तो पुन्हा मागेल. ‘आधी बोल, मग देतो’ हे कृपा करून नको. आईची मदत हळूहळू कमी करा.

पुढे ‘नको’ आणि ‘मदत’ ही कार्डं हवीतच. नको म्हणता न येणारं मूल ताट भिरकावतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. गड्ड्याच्या यात्रेला नेताना ‘घरी चल’चं कार्ड सोबत ठेवा, आणि त्याने ते दिलं तर खरंच घरी या.

घरातच लूम आहेत. लेक शाळेत कानाचं मशीन वापरते, घरी आली की काढून टाकते.

तिला रागावू नका. मशीन बोलण्याबरोबर मागाचा खडखडाटही मोठा करतं. दुखतंय का तेही बघा. कान वाढला की मशीनचा कानात बसणारा साचा लहान पडतो, टोचतो, शिट्टी वाजते. साचा बदलून घ्या आणि ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञांना, घरातल्या लूमबद्दल सांगा, ते सेटिंग बघतील. रोज माग थांबल्यावर अर्धा तास टीव्ही बंद ठेवून, हातभर अंतरावर, तिला तुमचं तोंड दिसेल असं बसा आणि त्या वेळी मशीन घालून दिवसभराच्या गप्पा मारा.