डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नागरिकांपेक्षा कंपन्यांच्या सोयीचा आहे, ही टीका कितपत खरी आहे?

माझ्या मते ही टीका बऱ्याच अंशी खरी आहे, आणि तिचा सर्वांत ठोस आधार नुकसानभरपाईच्या प्रश्नात सापडतो.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 अ नुसार, एखाद्या कंपनीच्या हलगर्जीपणामुळे आपली संवेदनशील माहिती फुटून नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून अशा तक्रारी ऐकतात. पुण्यातील एका व्यावसायिकाच्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीने रक्कम गेली, तेव्हा 2013 मध्ये बँकेने त्याला 45 लाख रुपये द्यावेत, असा आदेश याच पातळीवर झाला होता. 2023 चा नवा कायदा हे कलमच रद्द करतो. कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो हे खरे, पण तो सारा सरकारी तिजोरीत जमा होईल आणि ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती एक रुपयाही लागणार नाही. उलट, त्याची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर त्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने डेटा संरक्षण कायद्यासाठी 2018 मध्ये तयार केलेल्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता आणि 2019 च्या विधेयकातही तो कायम होता. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेण्यात आले आणि त्यानंतरच्या मसुद्यातून हा हक्क वगळला गेला. ही गोष्ट मला अतिशय अन्यायकारक वाटते.

संमतीच्या बाबतीतही असेच आहे. औषधाच्या दुकानात पावतीचा संदेश यावा म्हणून आपण मोबाइल क्रमांक दिला, तर तेवढ्यापुरती वेगळी संमती लागत नाही. हे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. वापर त्या हेतूपुरताच असावा, अशी अट आहे. मात्र माहितीचे काय होणार हे सांगणारी सूचना देण्याचे बंधन दुकानदारावर नाही, त्यामुळे अट मोडली गेली तरी ग्राहकाला ते कळणार कसे?

शिवाय कलम 17(3) नुसार केंद्र सरकार स्टार्टअपसह काही कंपन्यांना महत्त्वाच्या जबाबदाऱ्यांतून सूट देऊ शकते. आपल्याबद्दल कोणती माहिती साठवली आहे हे सांगणे आणि काम संपल्यावर ती पुसून टाकणे, या जबाबदाऱ्याही त्यांत येतात. लहान उद्योगांना कागदोपत्री कामाचा बोजा नको, हे मान्य. पण कर्ज देणाऱ्या एखाद्या छोट्या ॲपकडेही ग्राहकाचे पॅन, पगार आणि फोनमधले संपर्क असू शकतात.

जानेवारी 2025 मध्ये नियमांचा मसुदा लोकांसमोर ठेवला गेला, तेव्हा आलेल्या सूचना प्रसिद्ध केल्या जाणार नाहीत, असे सरकारने सांगितले होते. कोणत्या कंपनीने काय मागितले हे नागरिकांना पडताळता येत नसेल, तर संशय वाढणारच.

नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने मे 2027 मध्ये लागू होतील. कलम 43 अ सुद्धा त्याच वेळी रद्द होईल. तोपर्यंत त्याखाली तक्रार करता येते, आणि भरपाईचा हक्क नव्या कायद्यात परत आणावा, ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी करण्यास अजून अवधी आहे.