बेटामागचं पाणी

अनेक आशीर्वाद.

मिसिसिपीवरच्या बेटबांधणीच्या कामावर तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. नकाशावर बेटं आखायला बसशील, त्याआधी एक लक्षात ठेव: आपण बेट बांधतो ते त्याच्या आडोशाला राहणाऱ्या पाण्यासाठी.

विस्कॉन्सिनमधल्या जेनोआचं, मिसिसिपीवरचं आठ नंबरचं धरण १९३७ सालचं. बार्जना, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांना, नऊ फूट खोली हवी म्हणून पाणी अडवलं आणि पूरमैदानातले उंचवटे तेवढे बेटं होऊन वर राहिले. लाटांनी आणि बर्फाने तीही खाल्ली. मग वाऱ्याला मोकळी धाव मिळाली. लाटा तळ ढवळू लागल्या, गढूळ पाण्यात उजेड खाली पोचेना, पाणवनस्पती गेल्या. आणि शरदात दक्षिणेला निघालेली कॅनव्हासबॅक बदकं, टुंड्रा हंस त्यांच्याच कंदांवर पोट भरतात! सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी मुद्दाम नावेने जा. उघड्या पाण्यातून स्टॉडर्डजवळच्या बांधलेल्या बेटांमागे शिरलीस की व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची फितीसारखी पानं शोध.

बेट उंच करायचा मोह टाळ. मोठ्या पुराचं पाणी त्यावरून जाऊ शकलं पाहिजे. गाभा वाळूचा चालतो, बार्जच्या वाटेतून उपसलेलीही. वर मात्र बारीक गाळाचा थर हवाच, नुसत्या वाळूत झाडं जीव धरत नाहीत. सगळा काठ दगडाने मढवायची घाई नको. रुंद, उतरता वाळूचा काठ ठेव, विलोची झाडं लाव, दगड गरजेपुरता. ती वाळू लाटांनी थोडी इकडेतिकडे केली तर करू दे. कासवांना अंडी घालायला उघडी वाळूच लागते.

माशांचं खरं हिवाळ्यात कळतं. ब्लूगिल माशाला बर्फाखाली खोल, संथ पाणी हवं. थंडीत प्रवाहाशी झुंजायची ताकद त्याच्यात नसते. पण पाणी अगदीच कोंडलं तर प्राणवायू संपतो. आडोसा किती द्यायचा आणि प्रवाहाला वाट किती ठेवायची, हे या कामातलं सगळ्यांत अवघड गणित, आणि मला विचारशील तर सगळ्यांत सुंदरही. जानेवारीत बर्फाला भोक पाडून प्राणवायू, तापमान आणि प्रवाहाचा वेग तिन्ही मोज. शेजारी कुणी गळ टाकून बसलं असेल तर मासा कुठे लागतोय तेही विचार आणि वहीत लिही. आकडे हाती आले की मला पाठव, आपण मिळून बघू.

तुझा,
काका