हॉटेलचे पैसे आधीच भरले, मग हा वेगळा 'सिटी टॅक्स' कशाचा? द्यायलाच लागतो का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. बायको आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही इटलीला, रोम आणि व्हेनिस बघायला चाललात. रोममधल्या तीन रात्रींचं हॉटेल पूर्ण पैसे भरून झालं. आता हॉटेलवाले कळवतात की माणशी रात्रीचे ६ युरो आल्यावर काउंटरवर वेगळे द्या. ही लूट आहे का, जगात सगळीकडे असं घेतात का, आणि नाही म्हणता येतं का, हे तुम्हाला हवं आहे.

नाही म्हणता येत नाही. तो कर रोमच्या महापालिकेचा आहे. हॉटेल तो गोळा करतं आणि पालिकेकडे भरतं. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे आकडा बदलतो. तीन तारांकितला ६ युरो म्हणजे तुम्हाला सांगितलेला आकडा बरोबर आहे, पाच तारांकितला तो १० युरो आहे. सलग दहा रात्रींपर्यंतच घेतात, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. म्हणजे तुम्हा दोघांचे तीन रात्रींचे ३६ युरो, मुलाचे काही नाहीत. त्याचेही धरले असतील तर पासपोर्टवरची जन्मतारीख दाखवा.

'लूट आहे का' या प्रश्नाला मात्र एका ओळीत उत्तर देता येणार नाही. मी एकतीस वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात ग्रामसेवक होतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर वसूल करण्यात माझी नोकरी गेली. मार्च महिन्यात दारोदार फिरून लोकांची तोंडं वाकडी झालेली मी पाहिली आहेत. त्यामुळे कर म्हटल्यावर देणाऱ्याच्या पोटात काय होतं हे मला कळतं, आणि घेणाऱ्या गावाची अडचण काय असते तीही कळते.

नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावात होतो. नऊशेच्या आसपास लोकवस्ती, आणि सडकेला लागून रिसॉर्ट. एप्रिल-मे हा ताडोबाचा भर हंगाम, कारण त्या दिवसांत वाघ पाणवठ्यावर दिसतो. आणि नेमकं त्याच दिवसांत गावच्या विहिरी तळाला जातात. रिसॉर्टचे बोअर खोल, त्यांना पाणी लागायचं. गावातल्या हातपंपावर बाया पहाटे चारपासून घागरी घेऊन रांगेत बसायच्या. पाहुण्यांच्या गाड्यांनी रस्ता फुटायचा तो गावाचा, बाटल्या आणि नाश्त्याची खोकी पडायची ती गावच्या नाल्यात. ती उचलायला पंचायतीकडे एक शिपाई आणि एक हातगाडी.

रिसॉर्ट पंचायतीला काही देत नाहीत असं नाही. घरपट्टी देतात. पण घरपट्टीची आकारणी बांधकामावर होते. नमुना आठच्या रजिस्टरात चढलेलं क्षेत्रफळ आणि त्याचं मूल्य बघतात, आत किती माणसं झोपली ते बघत नाहीत. मे महिन्यात एकेक खोली भरलेली असो की पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंद असल्यामुळे निम्म्या खोल्यांना कुलूप असो, रक्कम तीच. पाहुण्याच्या बिलावरचा जीएसटी केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. गेटवर जे प्रवेश शुल्क घेतात त्याची सोय मात्र चांगली आहे. २००६ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान काढण्याची तरतूद झाली, त्यामुळे तो पैसा जंगलासाठी आणि आसपासच्या गावांसाठी वापरता येतो. तरी गावात मुक्काम करून, गावचं पाणी वापरून, सकाळी निघून गेलेल्या माणसाकडून गावाला सरळ काय मिळालं, हे रजिस्टरात कुठंच दिसत नाही. रोमचा कर नेमकी हीच जागा भरतो. तुम्ही तीन रात्रींचे रोमकर आहात, म्हणून तीन रात्रींची पट्टी द्या, एवढंच ते म्हणतात.

आपल्याकडे ही गोष्ट नवी आहे असं समजू नका. मथुरेला जाणाऱ्या यात्रेकरूंवर कर होता, तो अकबराने १५६३ मध्ये बंद केला. रेल्वेने तीर्थाला जाणाऱ्यांच्या तिकिटावर कर लावण्यासाठी १९५६ साली स्वतंत्र कायदा झाला. माथेरानला दस्तुरी नाक्यावर आजही प्रवासी कराची पावती फाडूनच आत सोडतात. आणि आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम १२४ मध्ये, पंचायत कोणते कर लावू शकते त्या यादीत घरपट्टीसोबत यात्रा कर आहे, जत्रा-उत्सवांवरचा कर आहे, बैलगाड्या आणि टांग्यांच्या तळावरची फीसुद्धा आहे.

तो यात्रा कर मी स्वतः वसूल केलेला आहे, आणि त्यात मी चुकलो होतो. ते इथे सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथंच मिळालं.

१९९८ ची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका गावी होतो. गावाबाहेरच्या टेकडीवर महादेवाचं देऊळ, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरायची. ग्रामसभेत ठराव घेतला, माणशी २ रुपये. मी टेकडीच्या पायथ्याशी टेबल टाकून पावतीपुस्तक घेऊन बसलो. दुपारी एक म्हातारी आली, पायात चप्पल नाही, सोबत दोन नाती. मी पैसे मागितले. ती म्हणाली, "देवाले भेटाले पयसे कायले लागते जी?" मी पाठ केल्यासारखं सांगितलं, "आजी, पाण्याची, दिव्याची सोय करावी लागते." तिने खांद्यावरचा प्लास्टिकचा डबा पुढे केला. "पानी तं आमी घरून आनलं, बापा."

आणि ते खरं होतं. त्या वर्षी आम्ही पाण्याची सोय केलेलीच नव्हती. यात्रा झाल्यावर करू, आधी पैसा जमू दे, असा विचार होता. तिला मी तसंच जाऊ दिलं, पण संध्याकाळपर्यंत टेबलावर बसणं मला जड गेलं.

पुढच्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला. आधी टँकर आणले, विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, टाकली, बायांसाठी आडोसे बांधले. पायी येणाऱ्याकडून एक पैसाही नाही. घ्यायचं ते जीप, ट्रॅक्टर आणि दुकानं लावणाऱ्यांकडून, कारण रस्ता आणि जागा तेच अडवतात. आणि देवळाच्या वाटेवर एक काळा फळा लावला: मागच्या वर्षी किती जमले, कशावर किती गेले. लोक थांबून वाचायचे. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला वाचायला लावायचे. त्या वर्षी पावतीवरून एकही भांडण झालं नाही. माझी बदली झाल्यावर तो फळा गेला, त्या जागी कुठल्याशा योजनेची जाहिरात रंगवली. ते पाहून मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून जगातले पर्यटक कर बघताना मी तीनच गोष्टी बघतो. कोणाकडून घेतात, पैसा त्याच गावात राहतो का, आणि देणाऱ्याला काही दिसतं का.

या हिशेबाने मला सगळ्यांत पटलेली पद्धत जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टची आहे. तिथे शंभराहून जास्त लहानमोठ्या गावांनी मिळून असं ठरवलंय की मुक्कामाला येणाऱ्याने रोजचा 'कुरटाक्स' द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात त्याला एक कार्ड मिळतं. ते कार्ड असलं की त्या टापूतल्या बसगाड्या आणि लोकल रेल्वे फुकट. पाहुणा स्वतःची गाडी काढत नाही, त्यामुळे गावच्या रस्त्यावर भार कमी. आणि पाहुण्यांच्या पैशाने चालणारी बस गावकऱ्यांच्याही कामाला येते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या ताडोबाच्या गेटांच्या पट्ट्यात अशी एखादी बस असती तर शाळेच्या पोट्ट्यांचे किती हाल वाचले असते, असं मला नेहमी वाटतं. फ्रान्समध्ये मुक्कामावरचा असा कर १९१० पासून आहे, म्हणजे युरोपवाल्यांना हा प्रकार अंगवळणी पडलेला आहे. ॲमस्टरडॅममध्ये तर २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के घेतात. ते मला जास्त वाटतं, पण भाड्याच्या प्रमाणात असल्यामुळे स्वस्त खोलीवाल्याला कमी लागतो, एवढा न्याय त्यात आहे.

दुसरा प्रकार देशात शिरताना किंवा निघताना घेतात तो. जपानने २०१९ मध्ये देशातून निघताना माणशी १००० येन घ्यायला सुरुवात केली. हा कर विमानाच्या तिकिटातच असतो, म्हणून बहुतेकांना कळतही नाही. न्यूझीलंडने त्याच वर्षी ३५ डॉलर सुरू केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम १०० न्यूझीलंड डॉलर केले. बाली २०२४ च्या फेब्रुवारीपासून परदेशी माणसाकडून दीड लाख रुपिया घेतं. आकडा ऐकून घाबरू नका, आपले आठ-नऊशे रुपये होतात.

भूतानचा कर मात्र मी स्वतः भरला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही अकरा निवृत्त मंडळी गेलो होतो. नागपूरहून हावडा, तिथून सियालदहला जाऊन हासीमाराची गाडी, आणि पुढे जयगाव. एजंटने 'सर्व करांसह' म्हणून पैसे घेतले होते. सीमेवर फुन्टशोलिंगला पोचल्यावर कळलं की शाश्वत विकास शुल्क त्याने भरलेलंच नाही. भारतीयांना ते रात्रीला १२०० रुपये आहे. पाच रात्रींचे माणशी ६००० रुपये ऐन वेळी काढायचे होते. आमच्यातल्या एकाने नुकतंच सोयाबीन विकून पैसे जमवले होते, त्याचा चेहरा मला अजून आठवतो. राग भूतानवर निघत होता, पण चूक एजंटची होती. तुम्हालाही तेच सांगतो: एजंटकडून कोणता कर धरला आणि कोणता नाही, ते एकेक नावाने लिहून घ्या. नुसतं 'सर्व करांसह' यावर विसंबू नका.

भूतानमध्ये फिरताना तो राग हळूहळू गेला. त्यांच्या राज्यघटनेतच आहे की देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. आमच्या ड्रायव्हरने सांगितलं की त्याच्या आईचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात फुकट झालं, मुलगी सरकारी शाळेत फी न देता शिकते, आणि हा पाहुण्यांचा पैसा त्याच तिजोरीत जातो. पण त्याचीही एक तक्रार होती. २०२२ मध्ये कोविडनंतर देश उघडताना इतर परदेशी पाहुण्यांचं शुल्क रात्रीला २०० डॉलर केलं, तेव्हा पाहुणे आलेच नाहीत आणि त्याची गाडी महिनोन्‌महिने दारात उभी राहिली. वर्षभराने सरकारने ते १०० डॉलरवर आणलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कर जास्त झाला की पहिला फटका बसतो तो गाइडला, ड्रायव्हरला, भाजीवालीला. ताडोबात जिप्सीच्या एका फेरीचे पैसे वाढतात तेव्हा आमच्या गावचे गाइड हेच बोलतात.

आता तुमचं व्हेनिस. तिथला प्रकार वेगळा आहे आणि तुम्ही फसण्याची शक्यता तिथेच जास्त. मुक्काम न करता दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून तिथे २०२४ च्या २५ एप्रिलपासून प्रवेश शुल्क घेतात. रोज नाही, एप्रिल ते जुलैमधल्या जाहीर केलेल्या दिवशीच. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४ झाले. आधी ऑनलाइन भरलं तर ५ युरो, शेवटच्या तीन-चार दिवसांवर नेलं तर १० युरो. पहिल्या वर्षी साधारण २४ लाख युरो जमले, पण गर्दी काही हटली नाही. ५ युरोने कोण मागे फिरणार? गर्दी कमी करायला हा कर आहे असं सांगण्यापेक्षा शहर झाडायला पैसा हवा आहे असं सांगितलं असतं तर मला जास्त पटलं असतं.

तुम्ही व्हेनिसमध्ये रात्री राहणार असाल तर हे शुल्क लागत नाही, कारण हॉटेलचा मुक्काम कर तुम्ही देताच. पण माफी असली तरी आधी नोंद करून तिचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवावा लागतो. रोमहून सकाळी जाऊन रात्री परत येणार असाल तर दोघांचं शुल्क भरा, मुलगा चौदाच्या आत आहे म्हणून त्याला माफ. तुमच्या तारखेला शुल्क आहे की नाही, ते व्हेनिस पालिकेच्या साइटवरच्या कॅलेंडरमध्ये दिसेल. तिकीट काढण्याआधी ते बघा, एक दिवस पुढेमागे केल्याने पैसे वाचू शकतात.

रोमच्या हॉटेलात ३६ युरो सुट्टे नेलेले बरे, काही ठिकाणी हा कर रोखच मागतात. आणि पावती मागून घ्या, खोलीच्या बिलात मिसळलेली नको, करासाठी वेगळी दाखवलेली.