वाचकांचे प्रश्न : एमजीबीचा पेट्रोलचा काटा नेहमी ‘फुल’वरच

प्रश्न : माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे. टाकी अर्धी असली तरी पेट्रोलचा काटा ‘फुल’ला टेकतो, मोटरवेवर तर त्याच्याही पलीकडे जातो. टाकीतला सेंडर (पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग) नवा बसवला, तरी तेच. आता गेज बदलावं का?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या पत्रातली मोटरवेची गोष्ट सगळ्यात कामाची आहे. इंजिन किती वेगानं फिरतंय हे सेंडरला कळायचं काही कारणच नाही. वेग वाढला की काटा चढतो, याचा अर्थ गेजला मिळणारा विजेचा दाबच (व्होल्टेज) स्थिर नाही.

१९६४ च्या अखेरीपासून एमजीबीला स्मिथ्स कंपनीचं संथ चालणारं गेज आलं. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तारेतून प्रवाह वाहिला की पट्टी तापून वाकते आणि काटा हलतो. म्हणून इग्निशन चालू केल्यावर काटा जागेवर यायला अर्धा मिनिट घेतो. बॅटरीचा दाब १२ ते १४ व्होल्टमध्ये हलत राहिला तर हे गेज चुकणारच. त्यासाठी डॅशबोर्डच्या मागे बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) दाब स्थिर ठेवणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तोही जोडपट्टीचाच. त्याचा संपर्क सतत उघडतो-मिटतो आणि सरासरी १० व्होल्ट पुढे जातात. पण त्याच्या आतल्या तापणाऱ्या तारेला अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी जोड) मिळतं ते त्याच्या पत्र्याच्या डबीतून, म्हणजे ती डबी धरणाऱ्या एका स्क्रूमधून. त्या स्क्रूखाली गंज किंवा रंग असला की तार तापत नाही, संपर्क उघडत नाही आणि अल्टरनेटरचे १४ व्होल्ट सरळ गेजला जातात. तुमच्या गाडीत बहुतेक हेच झालंय.

आधी दुसरी एक शक्यता बाजूला काढा. सेंडरवरची हिरवी-काळी वायर सोडवा, तिचं टोक कुठंही टेकू देऊ नका आणि इग्निशन चालू करा. अर्ध्या मिनिटात काटा रिकाम्यावर उतरला पाहिजे. तो वरच राहिला तर ती वायर वाटेत कुठंतरी बॉडीला घासून अर्थ झालीय. उतरला, तर वायर ठीक. आता स्टॅबिलायझरकडे वळा. त्याच्या ‘बी’ टोकाला हिरवी वायर येते, तिथं १२ व्होल्ट हवेत. ‘आय’ टोकावरून फिकट हिरवी वायर गेजला जाते. तिथं डिजिटल मल्टिमीटर लावाल तर आकडे ० आणि १२ मध्ये उड्या मारतील. ते बरोबरच आहे, त्यावरून स्टॅबिलायझर बिघडला असं समजू नका. अशा कामाला जुना काट्याचा मीटर किंवा साधा १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प बरा. लॅम्प लुकलुकला तर स्टॅबिलायझर चालतोय, एकसारखा पेटून राहिला तर नाही.

स्क्रू काढा, डबीचा कान आणि बल्कहेडचा पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून पुन्हा आवळा. डबीवर ‘टॉप’ लिहिलेली बाजू वरच राहू द्या. आडवी बसवली तर रीडिंग चुकतं. एवढ्यानं बऱ्याच गाड्या सुधारतात. नाही सुधारली तर त्याच जागी ७८१० हे १० व्होल्टचं रेग्युलेटर बसवता येतं, इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. तुमची गाडी निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, असल्यामुळे ते चालेल. १९६७ च्या अखेरीआधीच्या मूळ पॉझिटिव्ह अर्थ गाडीत चालणार नाही.

गेजची परीक्षा टाकीपाशी घेऊ नका, पेट्रोलची वाफ असते. गेजच्या सेंडरकडच्या टोकाची वायर काढून तिथून अर्थला ६८ ओमचा २ वॉटचा रेझिस्टर लावा. काटा साधारण निम्म्यावर थांबला तर गेज निर्दोष. २२ ओमला तो ‘फुल’जवळ जातो. वायर थेट अर्थला लावून बघायचं असेल तर क्षणभरच, गेजमधली तार जळू शकते. थोडाच फरक राहिला असेल तर गेजच्या मागे कॉर्कनं बुजवलेली दोन भोकं असतात, एक रिकाम्याच्या आणि एक भरलेल्याच्या जुळवणीसाठी. पण दाब १० व्होल्टवर आणल्याशिवाय त्यांना हात लावू नका, नाहीतर एक चूक झाकायला दुसरी केल्यासारखं होईल.

नवा सेंडरही तपासून घ्याच, बाजारातले सगळे सारखे नसतात. रिकाम्या स्थितीत साधारण २४० ओम आणि सेंडरच्या फ्लोटची दांडी पूर्ण वर असताना तिसाच्या खाली आकडा यावा. मधे कुठं तुटता कामा नये. सेंडर टाकीच्या बाजूला असल्यानं तो काढायच्या आधी पेट्रोल उपसून घ्यावं लागतं आणि बॅटरीची अर्थ वायर सोडावी लागते.

प्रश्न : १९६६ ची एमजीबी निगेटिव्ह अर्थवर बदलून घेतली आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. तेव्हापासून टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर) कधी मेल्यासारखा असतो, कधी उड्या मारतो. इंजिन उत्तम चालतंय.
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : एकाच वेळी दोन बदल केलेत, म्हणून दोन्ही वेगळे बघा. तबकडीवर ‘आरव्हीआय’ असं बारीक अक्षरात असेल तर हा टॅकोमीटर इग्निशन कॉइलला जाणारा प्रवाह मोजतो. इग्निशन स्विचची पांढरी वायर त्याच्या लूपमधून (वायरच्या वेटोळ्यातून) जाऊन मगच कॉइलला पोचते, आणि त्या प्रवाहाची दिशा महत्त्वाची असते. ध्रुव बदलल्यावर गाडीची वायर उलटवणं पुरेसं नाही. टॅकोमीटरच्या आतली पुरवठ्याची जोडणीही उलटवावी लागते. हातात सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. उड्यांचं कारण बहुधा इग्निशन मॉड्यूलची पुरवठा वायर असेल. ती कॉइलच्या टोकावर लावली असेल, तर मॉड्यूलचा प्रवाहही लूपमधून जातो. ती लूपच्या आधी, स्विचच्या बाजूला जोडा.

प्रश्न : इंजिन गरम झाल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) तेलदाब १५ पाउंडवर येतो. गेज खराब आहे का?
– एक वाचक

उत्तर : नाही. गरम एमजीबीला आयडलवर १० ते २५ आणि चालताना ५० ते ८० ही नेहमीची मर्यादा. तुमचं गेज यांत्रिक असेल, तर इंजिनपासूनची लवचीक नळी मात्र वर्षातून एकदा बोटांनी चाचपून बघा. ती चिरली की तेल झपाट्यानं बाहेर पडतं.