आजोबांचे 'महाराज'

चि. मुक्तास,

परवा आजोबा फोनवर दसऱ्याचं सांगत होते, "महाराज आले, सोनं लुटलं!" नंतर तू मला विचारलंस, "राजे तर संपले ना? मग आजोबा स्वतःला कमी का समजतात?" ते 'कमी' मला लागलं.

राजे संपले हे खरं. 1971 साली सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले, मान्यताही काढून घेतली. कोल्हापुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तोंडातलं 'महाराज' गेलं नाही. मी आजोबांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात महाराजांची ती जुनी मेबॅक गाडी बघायचो. आपट्याच्या पानांसाठी अशी झुंबड उडायची की आजोबांची टोपी हमखास पडायची. त्या गर्दीत कुणी स्वतःला कमी समजत असेल असं मला तरी वाटलं नाही.

शिवाय आपले पणजोबा शाहू महाराजांच्या काळात बोर्डिंगात राहून शिकले. 1902 साली निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखणारा राजा तो. आजोबांचं 'महाराज' तिथून येतं. गंमत म्हणजे त्या राजालासुद्धा शूद्र ठरवून त्याच्यासाठी पंचगंगेवर वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला भटजी तयार नव्हते. पुढे 1920 साली त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठ्यांच्या स्वतःच्या धर्मगुरूंचं, वेगळं पीठच स्थापन केलं. म्हणजे मान कुणाला द्यायचा हे भांडण जुनंच आहे.

मला खुपतं ते वेगळंच. आपल्या घरी पूजेला येणारे 'गुरुजी', कीर्तनकार 'बुवा', वाड्यावरचे 'सरकार'. आणि शेतावरचा गडी, आजोबांपेक्षा वयाने मोठा, त्याला आम्ही पोरं खुशाल 'ए' म्हणून हाक मारायचो. त्याचं आडनाव मला आजही ठाऊक नाही. तो आषाढीची वारी करून आला की मात्र 'माऊली' व्हायचा, आजोबा त्याच्या पाया पडायचे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा 'ए'. याचं उत्तर माझ्याकडे नाही. आजोबांकडे असेल तर विचार, ते चिडणार नाहीत. चिडलेच तर आजी आहे.

सुट्टीत गेलीस की 'महाराज' म्हण किंवा नुसता नमस्कार कर, मी काही म्हणणार नाही. पण शेतावर जे कोणी भेटतील त्यांच्याशी अहो-जाहोने बोल. हट्ट नाही हं. जमलं तर.

तुझा,
बाबा