ट्रान्सप्लांटनंतर क्रिएटिनीन नॉर्मल आहे पण युरिनमध्ये प्रोटीन १+ आलंय, किडनी रिजेक्ट होतेय का?

ताई, तुमच्या भावाचं ट्रान्सप्लांट होऊन ८ महिने झालेत, रक्तातलं क्रिएटिनीन (किडनी लघवीतून बाहेर टाकते तो कचरा) १.२ आहे आणि युरिनच्या साध्या रिपोर्टला १+ बघून डॉक्टरांनी प्रोटीन-क्रिएटिनीन रेशो लिहून दिलाय, तर तुम्ही विचारताय की क्रिएटिनीन चांगलं असताना ही टेस्ट कशाला. मी पण सोलापूरचाच, आईची किडनी घेऊन ७ वर्षं झाली. नुसत्या एका प्लसवरून रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतंय, असं म्हणता येत नाही, पण रेशो या आठवड्यातच करून घ्या.

साध्या तपासणीत पट्टी लघवीत बुडवून रंग बघतात. लघवी घट्ट असली की थोडं प्रोटीन पण जास्त दिसतं, आणि भरपूर पाणी पिऊन गेलात तर खरंच जात असलेलं पण दिसत नाही. माझं असंच झालेलं, मे महिना, अक्कलकोटला लग्न, दिवसभर मांडवात, पाणी नावाला, दुसऱ्या दिवशी डबीत बघतो तर लघवी हळदीच्या पाण्यासारखी. रिपोर्ट १+, आणि लॅबमधला पोरगा सरळ म्हणाला किडनी खराब व्हायला लागली. आई त्या रात्री जेवली नाही. नंतर रेशो केला तर ०.१४. त्यात प्रोटीनला लघवीतल्याच क्रिएटिनीननं भागतात, त्यामुळं लघवी घट्ट का पातळ हा फरक बराचसा निघून जातो. ०.२ च्या आत असलं तर ठीक, ०.५ म्हणजे दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम प्रोटीन जातंय. काही लॅब मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये देतात तिथं ०.२ चे २०० दिसतात, युनिट आधी बघा.

आता टेस्ट कशाला ते सांगतो. तिसऱ्या वर्षी माझं क्रिएटिनीन १.३ च होतं, त्रास काही नाही, पण रेशो ०.६ आला, पंधरा दिवसांनी परत ०.६. बायोप्सी केली, त्यात रिजेक्शनची सुरुवात निघाली, टॅक्रोची (रिजेक्शन रोखणारी टॅक्रोलिमसची गोळी) रक्तातली लेव्हल पण कमी होती. किडनीची गाळणी गळायला लागते तेव्हा बऱ्याचदा क्रिएटिनीन अजून हललेलंच नसतं हो, ते वाढेपर्यंत थांबलो असतो तर आईनं दिलेली किडनी बरीचशी गेली असती. औषधं बदलली, आता ०.३ च्या आसपास आहे.

प्रोटीन जायला रिजेक्शन हे एकच कारण नसतं. मूळचा आजार नव्या किडनीत परत येतो, बीपी, शुगर, सिरोलिमससारखं औषध, आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तर तेवढ्यापुरतं पण वाढतं. भावाला सध्या ताप, जळजळ असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. शेजारचे म्हणतील शेंगाचटणी बंद करा, डाळ बंद करा, तसं मनानं काही बंद करू नका, चटणीतलं मीठ मात्र खरंच कमी करा, बीपीसाठी.

सॅम्पल सकाळच्या पहिल्या लघवीचं द्या, सुरुवातीची धार सोडून मधली, आणि दरवेळी एकाच लॅबमध्ये. त्याच दिवशी टॅक्रोची लेव्हल असली तर रक्त दिल्यावरच सकाळची गोळी घ्यायची, गोळ्यांचा डबा बरोबर घेऊन जा. आणि याआधी कधी रेशो केला असेल तर तो कागद शोधून ठेवा, डॉक्टर आधी तोच मागतील.